ओलावा आढळला आहे

आषाढातल्या एका रात्री, दिवसभराच्या मुसळधार पावसाने ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचे आमचे अवघे शहर यथास्थित भिजून निथळत असताना, मी नित्याच्या शिरस्त्याप्रमाणे निजण्यापूर्वी फोनला चार्जरची तार जोडली. तेव्हा त्या यंत्राने वीज स्वीकारण्यास साफ नकार दिला आणि पडद्यावर एक पिवळा त्रिकोण उभारून त्याखाली असे निवेदन प्रसिद्ध केले, की चार्जिंगच्या तोंडाशी ओलावा आढळला आहे, सबब तार तत्काळ काढण्यात यावी.

जुलै महिन्यात नवी मुंबईत ओलावा आढळणे ही वार्ता कशी काय होऊ शकते, हे मला कळेना. एका अंगाला ठाण्याची खाडी आणि दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर, ह्यांच्यामधल्या खाजणांत नि भातखाचरांत भराव टाकून, 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने हे नगर वसवले. तेव्हापासून येथील नागरिक ओलाव्याच्या सहवासात इतके मुरलेले आहेत, की जून ते सप्टेंबर ह्या कालावधीत डबीतून मीठ न पडणे, पापडाने पोळीचे रूप घेणे आणि कपाटातल्या लग्नाच्या कोटावर हिरवळ उगवणे ह्या घटनांची कोणी दखलही घेत नाही. आमच्या सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेत गळती हा विषय पत्रिकेवर असतोच आणि तो पुढील सभेपर्यंत तहकूबही होतोच. अशा ठिकाणी एखाद्या यंत्राने 'ओलावा आढळला नाही' असे जाहीर केले असते, तर मी धास्तावून महापालिकेकडे धाव घेतली असती.

आमच्या घरातून त्यावर पहिला उपाय आला तो धान्यकोठारातून.

"अहो, तांदळात ठेवा."

"कोणत्या तांदळात?"

"रेशनच्या. दुसऱ्या कोणत्या?"

"अगं, 45 हजारांचा फोन आहे. निदान वाडा कोलममध्ये तरी ठेवूया."

"वाडा कोलम काय फुकट येतो? आणि त्याचा भात मग तुमच्या फोनला वाढू का?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. ज्या धान्याला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या पोटात एका परप्रांतीय यंत्राला आश्रय देणे सौभाग्यवतींना मंजूर नव्हते. अखेर रेशनच्या तांदळात फोनने रात्र काढली. सकाळी ओलावा होता तेथेच होता. अधिक म्हणून चार्जिंगच्या तोंडात एक कणी अडकली होती. ॲपल कंपनीने आपल्या सूचनापत्रात, ओला फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नये, कारण तांदळाचे बारीक कण यंत्राला इजा करतात, असे लेखी बजावून ठेवले आहे, ही माहिती भाच्याने पुण्याहून पुरवली. मात्र ती दुसऱ्या दिवशी पुरवली. त्याच सूचनापत्रात बाहेरून उष्णता देण्यासही मनाई आहे, हे त्याने सांगितले तेव्हा आमच्या कन्येचे केस वाळवण्याचे यंत्र माझ्या हातात सुरूच होते. शेजारच्या सद्गृहस्थांनी मग "जरा फुंकर मारून बघा" असे सुचवले आणि स्वतःच ती मारली. फुंकर ही वस्तू मुळात ओली असते, ह्या शास्त्रीय सत्याचे प्रत्यंतर पिवळ्या त्रिकोणाने तत्क्षणी दिले.

येथे माझ्याविषयी थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. माझी सारी नोकरी एका सरकारी कचेरीत लोकांचे अर्ज निकाली काढण्यात गेली. अर्ज मंजूर करणे हे काम कोणालाही जमते, परंतु अर्जदार दुखावला जाणार नाही, कायद्याला बाध येणार नाही आणि काम तर होणार नाही, अशा बेताने अर्ज निकाली काढणे ही साधनेने साध्य होणारी कला आहे, आणि तिच्यात आपण बऱ्यापैकी प्रावीण्य संपादन केले आहे, असा माझा निवृत्तीपर्यंत प्रामाणिक समज होता. तो समज वाशी स्थानकाच्या परिसरातल्या एका व्यापारी संकुलात, फोन दुरुस्तीच्या अधिकृत केंद्रात, माझ्या डोळ्यांदेखत धुळीस मिळाला.

नेरुळहून लोकलने निघताना मी फोन एकात एक अशा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, पोटाशी धरून नेला. केंद्राचे दार ढकलताच आतल्या वातानुकूलित हवेने अंगावर असा शहारा आणला, की क्षणभर मी हिमाचल प्रदेशात तर उतरलो नाही ना, अशी शंका यावी. दारातल्या यंत्राने टोकन दिले. नवी मुंबईकर माणूस आकड्यांना भीत नाही. सेक्टर, भूखंड, इमारत, मजला, सदनिका अशी एकापुढे एक संख्यांची माळ म्हणजेच त्याचा पत्ता असतो. तीत आणखी एका टोकनाने काय बिघडणार?

माझा पुकारा झाल्यावर गळ्यात टाय बांधलेल्या एका अत्यंत सुस्वभावी तरुणाने माझे स्वागत केले, तक्रार मान लववून ऐकली, फोनला तार जोडली आणि पडदा माझ्याकडे वळवला. फोन निमूटपणे वीज पीत होता. पिवळा त्रिकोण नव्हता, निवेदन नव्हते, काही नव्हते.

"इथे तर चालतोय, सर."

"इथे चालतो. नेरुळला चालत नाही."

"इश्यू रिप्लिकेट होत नाहीये, सर."

"तो व्हायला तुम्हाला नेरुळला यावं लागेल."

"तसा ऑप्शन सिस्टीममध्ये नाहीये, सर. घरी एसी आहे का?"

"बेडरूममध्ये आहे."

"मग फोन बेडरूममध्येच ठेवायचा."

शाळेच्या वेळेला पोट धरून लोळणारे पोर डॉक्टरांच्या पायरीवर पाय ठेवताच टुणटुणीत व्हावे, तशी त्या कोरड्या हवेत माझ्या फोनची प्रकृती सुधारली होती. परंतु मीही कागदोपत्री पुराव्याच्या जगात आयुष्य काढलेला माणूस. मी "आलोच" म्हणून उठलो आणि फोन घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात, छपरावरून पागोळ्या गळत होत्या तेथे, खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याला तोंड देऊन उभा राहिलो. थंड पडलेल्या काचेवर बाहेरच्या हवेने पाहता पाहता दव धरले. फोन पुरेसा नवी मुंबईकर झाला आहे अशी खातरजमा होताच मी विजयी मुद्रेने आत शिरलो आणि तार जोडली. पिवळा त्रिकोण तत्परतेने रुजू झाला.

"बघा!" मी म्हणालो.

"हो, सर. आता आला," तो तितक्याच मार्दवाने म्हणाला. मग त्याने एका सुईने सिमकार्डाचा कप्पा बाहेर ओढला, आतल्या अंधारात बारीक विजेरीचा झोत टाकला, भिंगातून पाहिले आणि वैद्याने नाडी सोडावी तशा हलक्या हाताने फोन खाली ठेवला.

"सर, स्टिकर गुलाबी झालाय. लिक्विड डॅमेज. वॉरंटीत बसत नाही."

वाचकांपैकी ज्यांचा ह्या स्टिकरशी परिचय नसेल त्यांच्यासाठी सांगतो: फोनच्या पोटात, धन्याच्या दृष्टीस सहसा पडणार नाही अशा जागी, तांदळाच्या दाण्याएवढी एक पांढरी चिकटपट्टी बसवलेली असते. पाण्याचा स्पर्श झाला की तिचा रंग बदलतो. म्हणजे आपण खिशात घेऊन हिंडतो त्या वस्तूच्या आत, आपल्याच पैशाने नेमलेला, आपल्याच विरुद्ध साक्ष देणारा एक खबऱ्या अहोरात्र बसलेला असतो. त्याची साक्ष ग्राह्य, धन्याची अग्राह्य.

"पाण्यात पडला होता का, सर?"

"नाही."

"बाथरूममध्ये नेता?"

"नाही."

"पावसात फोनवर बोललात?"

"जून ते सप्टेंबर नवी मुंबईत कोणी कोणाशी बोलायचं नाही, असा नियम आहे का?"

ह्यावर तो केवळ हसला. बोर्ड बदलावा लागेल, त्याचा खर्च नव्या फोनच्या निम्म्याच्या आसपास जाईल, त्यापेक्षा हाच फोन जमा करून पुढचे मॉडेल घेतल्यास सूट मिळेल, असे त्याने समजावले. मी खरेदीची पावती काढली. मोठ्या जपणुकीने पाकिटात ठेवलेला तो कागद उलगडला, तर तो दोन्ही बाजूंनी कोरा निघाला. त्या चकचकीत कागदावरची अक्षरे उष्म्याने उडून गेली होती. तरुणाने तो कोरा कागद आदरपूर्वक दोन्ही हातांनी परत केला.

लोकलमध्ये परत येताना मी मनातल्या मनात त्या निकालपत्राचे परीक्षण केले आणि थक्क झालो. फोन चालत असेल तर दोष नाही. फोन चालत नसेल तर दोष आमचा नाही. ह्या दोन वाक्यांच्या मधून टाचणी जाईल एवढीही फट मला सापडेना. आमच्या कचेरीत आम्ही फार तर "साहेब दौऱ्यावर आहेत" असे म्हणत असू, आणि साहेब दौऱ्यावरून परत येण्याची भीती आम्हांला कायम असे. ह्या व्यवस्थेत साहेबच नाही.

मग ह्या विद्येचे उगमस्थान शोधण्याचा मला छंदच जडला. आपल्या देशात तिची सुरुवात रांगड्या पद्धतीने झाली. 1980 च्या दशकाच्या आरंभी दळणवळण खाते सांभाळणारे मंत्री सी. एम. स्टीफन ह्यांनी संसदेत, टेलिफोन ही चैनीची चीज आहे आणि ज्यांना सेवा पसंत नसेल त्यांनी यंत्र खुशाल परत करावे, रांगेत लोक पुष्कळ आहेत, अशा आशयाचे उत्तर दिल्याची आठवण अजूनही सांगितली जाते. उत्तर सडेतोड खरे, पण त्यात कला नाही. दोष यंत्रात असल्याची त्यात गर्भित कबुली आहे, आणि मुरलेला टिपणीलेखक अशी कबुली कधी देत नसतो.

कलेचा परमोत्कर्ष 2010 साली अमेरिकेत झाला. त्या वर्षीच्या 24 जूनला ॲपलचा आयफोन 4 बाजारात आला. त्याच्या भोवतालची पोलादी कड हीच त्याची अँटेना होती, आणि डाव्या बाजूस खाली जेथे त्या कडेला एक फट होती तेथे तळहात टेकला की दोन तुकडे जोडले जाऊन संदेशलहरींची ताकद घटत असे. लोकांनी बोंब केली. त्यावर कंपनीचे सर्वेसर्वा स्टीव्ह जॉब्ज ह्यांनी एका ग्राहकाला जे उत्तर पाठवले त्याचा मथितार्थ एवढाच होता, की तसा धरू नका. मी हे वाचले तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो. शतकानुशतके मनुष्यजात यंत्रात दोष शोधत आली. हा दोष हातात आहे, हे सांगायला द्रष्टा पुरुषच जन्माला यावा लागतो. डाव्या हाताने दक्षिणा देऊ नये, प्रसाद घेऊ नये, हे आमच्या आजीने आम्हांला शिकवलेच होते. त्यात फोन धरू नये ही भर कॅलिफोर्नियाने घातली.

परंतु माझ्या मते त्याहून सरस कृती पुढच्याच आठवड्यात घडली, आणि तिची म्हणावी तशी वाखाणणी झालेली नाही. 2 जुलैला कंपनीने पत्रक काढले, की पडद्यावर संदेशाचे बल दाखवणाऱ्या ज्या उभ्या काड्या असतात त्यांचे गणितच मुळात चुकलेले आहे आणि वास्तविक असाव्यात त्याहून दोन काड्या अधिक दिसत आहेत, हे पाहून आम्ही स्वतः स्तंभित झालो आहो. म्हणजे तुमच्या हातून काड्या गळून पडल्या हा भ्रम होय. त्या कधी नव्हत्याच! धरणात पाणी नाही अशी ओरड होताच मोजपट्टीच रंगवून घेण्याची युक्ती आमच्या कचेरीतही कोणास सुचली असती. पण आपल्याच मोजपट्टीबद्दल स्वतः विस्मय व्यक्त करण्याचे धैर्य कोणास झाले नसते. शेवटी 16 जुलैला परिषद भरवून, फोन कोणाचेच निर्दोष नसतात, असे सांगत कंपनीने सर्वांना रबरी कड फुकट वाटली.

2014 साली नवा मोठा आयफोन विजारीच्या खिशात वाकतो अशी आवई उठली, तेव्हा आतापावेतो केवळ 9 ग्राहकांनी तक्रार केली आहे, असा खुलासा झाला. संख्येचा हा उपयोग अस्सल कारकुनी आहे आणि मी त्याला मनोमन मुजरा केला.

उलट बाजूही नमूद केली पाहिजे. 2007 च्या ऑगस्टात नोकियाने आपण होऊन जाहीर केले, की मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या बीएल-5सी जातीच्या 4 कोटी 60 लाख बॅटऱ्या चार्ज होताना तापण्याचा संभव आहे, तरी ग्राहकांनी बॅटरीवरचा क्रमांक पडताळून बदली घ्यावी. तो क्रमांक 26 आकडी होता. घरोघरी आजोबा भिंग घेऊन आकडे वाचत आहेत, नातू लिहून घेत आहे आणि विसाव्या आकड्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होत आहे, असे दृश्य त्या दिवसांत दिसे. पाकिटातल्या पैशापेक्षा पाठीमागच्या बॅटरीची चिंता अधिक. तथापि त्या काळी फोनचे मागले झाकण अंगठ्याच्या नखाने उघडत असे, हे आजच्या पिढीला सांगितले तर ती आपल्याकडे, बैलगाडीने काशीला जाऊन आलेल्या माणसाकडे पाहावे तशी पाहते.

2016 साली सॅमसंगचा गॅलेक्सी नोट 7 पेट घेऊ लागला, तेव्हा तर बदलून दिलेले फोनही पेटले. ऑक्टोबरात उत्पादन बंद झाले, आणि परत पाठवण्यासाठी कंपनीने अमेरिकेतल्या ग्राहकांना अग्निरोधक खोके नि हातमोजे धाडले. आपल्या विमानांतूनही हा फोन चालू करू नये, चार्ज करू नये, अशा सूचना निघाल्या. गंमत एवढीच, की आपल्याकडे त्याची विक्री सुरू होण्याआधीच थांबली होती. नसलेला फोन न लावण्याची प्रतिज्ञा सर्व प्रवाशांनी मनोभावे पाळली.

2017 च्या डिसेंबरात आणखी एक प्रकरण उजेडात आले. जुन्या बॅटरीवर आयफोन अकस्मात बंद पडू नयेत, म्हणून कंपनी त्यांची गती परस्पर कमी करत होती. गहजब झाल्यावर 28 तारखेला माफीनामा निघाला आणि आपल्याकडे बॅटरी बदलण्याचा आकार 6500 रुपयांवरून 2000 वर आला. ह्या प्रकरणी मात्र माझी सहानुभूती कंपनीकडे जाते. वय झालेल्याला त्याच्या नकळत हळू चालवले तर तो कोसळत नाही, हे तत्त्व आमच्या घरात माझ्या बाबतीत केव्हापासूनच अमलात आहे. फक्त माफीनामा अद्याप निघालेला नाही.

पण माझा मूळ विषय पाणी. टीव्हीवरच्या जाहिरातीत एक तरुण फोनसकट निळ्या जलाशयात सूर मारतो, तळाशी मासोळ्यांचे छायाचित्र घेतो आणि हसत वर येतो. तोच तरुण सेवाकेंद्रात गेला, तर स्टिकर गुलाबी निघून बाहेर येईल, हा उत्तरार्ध जाहिरातीत नसतो. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने नेमक्या ह्याच विसंगतीवर, म्हणजे जलरोधाची जाहिरात करायची आणि पाण्याने झालेल्या नुकसानीला हमी नाकारायची, ह्यावर बोट ठेवून 2020 साली ॲपलला 1 कोटी युरोंचा दंड ठोठावला. ऑस्ट्रेलियात, तलावात नि समुद्रात फोन वापरण्याच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल सॅमसंगला 2022 साली 1 कोटी 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले. आणि तो गुलाबी खबऱ्या? त्याच्याच साक्षीवरून हमी नाकारलेल्या अमेरिकन ग्राहकांनी ॲपलवर फिर्याद केली होती. ती 2013 साली 5 कोटी 30 लाख डॉलरांवर मिटली. चिकटपट्टी बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीनेच, केवळ दमट हवेनेही ती गुलाबी पडू शकते, असे म्हटल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. हे वाचून मी इतका उल्हसित झालो, की नवी मुंबईच्या हवेचा पुरावा एका बाटलीत भरून न्यावा, असा विचार क्षणभर मनात चमकून गेला.

त्याऐवजी मी कंपनीला पत्र लिहिले. माझ्या नोकरीतला उत्तम मसुदा मी त्यात ओतला: विषय, संदर्भ, परिच्छेदांना क्रमांक, 'सबब विनंती की', सर्व काही. उत्तर निमिषार्धात आले. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्हांला मनस्वी खेद वाटतो, असे त्यात होते. मी पुन्हा लिहिले. पुन्हा खेद आला. दर वेळी खाली सही निराळ्या व्यक्तीची, खेद मात्र तोच, एका अक्षराचाही फरक नाही. माझ्या नातलगांपैकी कोणीही माझ्या कोणत्याही दुःखाबद्दल इतक्या सातत्याने हळहळलेले नाही. अखेर एके दिवशी निरोप आला, की आपली तक्रार निकाली काढण्यात आली असून आपल्या अनुभवाला आपण किती तारे द्याल? पाठोपाठ त्या सुस्वभावी तरुणाचा फोन.

"काका, पाच स्टार द्या ना प्लीज. चार दिले तर आमचा इन्सेंटिव्ह कापतात."

सेवाकेंद्रात मी 'सर' होतो. ताऱ्यांच्या वेळी 'काका' झालो. मी पाच तारे दिले. त्या पोराचा काय अपराध?

आणि खरे बोलायचे तर ह्या सगळ्या नाटकात आपण ग्राहकमंडळीही काही हरिश्चंद्राच्या वंशातली नसतो. त्या केंद्रात माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ "फोनला पाण्याचा थेंबही लागलेला नाही" असे छातीठोकपणे सांगत असताना त्यांच्या फोनच्या ध्वनिक्षेपकातून एक थेंब टेबलावर पडला. त्याकडे त्यांनी, हा कोणाचा बुवा, अशा तिऱ्हाईत नजरेने पाहिले. दुसरा एक महाविद्यालयीन कुमार आईबरोबर आला होता. बोर्ड जळाल्याचे ऐकताच "आई, आता नवीनच घ्यावा लागणार" असे तो अत्यंत खिन्न स्वरात म्हणाला. ती खिन्नता त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचायची मात्र राहून गेली.

आमच्या मेव्हण्यांची जात आणखी वेगळी. त्यांच्या फोनच्या पडद्यावर एका रात्रीत वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ उमटली, तर त्यांनी ती रेघ पाहायला सर्वांना बोलावले. ही व्याधी अनेकांच्या फोनना जडलेली आहे आणि 2024 च्या जुलैत वनप्लसने तर तिच्यासाठी भारतातील ग्राहकांना तहहयात हमी देऊ केली, हे मी सांगितले. परंतु त्यांना हमीत रस नव्हता. "अरे, महागड्या डिस्प्लेलाच येते ती. तुझ्या फोनला यायची नाही," असे म्हणून त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिले. कंपनीवर टीका केली की त्यांना आपल्या सोयरिकीवर कोणी बोट ठेवल्यासारखे वाटते. अशी पदरमोड करून वकिली करणारी माणसे घरोघरी असताना कंपन्यांनी निराळा विधिसल्लागार का नेमावा, हे मला कळत नाही.

माझा फोन पुढे नेरुळ स्थानकाखालच्या एका फळकुटावजा दुकानात दुरुस्त झाला. तेथे एसी नव्हता, टोकन नव्हते, खेदही नव्हता. दुकानदाराने डोळ्याला भिंग लावून यंत्र उघडले, आत पाहिले आणि म्हणाला, "चार्जिंगची पट्टी खराब झालीय, काका. खाऱ्या हवेने पिना सडल्यात. बोर्डाला काही झालेलं नाही."

"केंद्रात तर बोर्ड बदलायला सांगितला."

"ते बोर्डच बदलतात. बाकी काही बदलायची त्यांना परवानगीच नसते."

पट्टी बदलायला त्याने जे पैसे घेतले ते सांगितल्यास वाचकांचा विश्वास बसणार नाही, आणि त्या दुकानासमोर उद्या रांग लागेल. पावती मागितली तर म्हणाला, "मीच पावती." 2022 सालच्या 24 डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले आहे, ही वार्ता मी त्याच्या कानावर घातली. "बरं आहे," म्हणून त्याने पुढचा फोन उघडला.

कायद्याची बाजूही लंगडी नाही, हे मी कारकुनी जिज्ञासेने पाहून ठेवले आहे. बिंदुमाधव जोशी ह्यांनी 1970 च्या दशकात ग्राहक पंचायतीचे रोप लावले ते आपल्या महाराष्ट्रात. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आहे. आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीबाबत जिल्हा आयोगापुढे तक्रार गुदरायला एक पैशाचेही शुल्क पडत नाही. म्हणजे कितीही महाग फोन असला तरी फिर्याद फुकट. आमच्या वेळी एवढी सोय असती तर आमच्या कचेरीचे काही खरे नव्हते.

तेव्हा ज्या वाचकांच्या फोनवर यंदाच्या पावसाळ्यात पिवळा त्रिकोण उगवेल, त्यांनी खरेदीच्या पावतीची झेरॉक्स आजच काढून ठेवावी, मूळ कागदावर विसंबू नये. सेवाकेंद्रातल्या पोराला पाच तारे द्यावेत. आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर पेनाने लिहावा. फोनमध्ये साठवू नये.